पालोमारचे आकाशदफ्तर

दक्षिण कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वताचे नाव सामान्य वाचकाच्या कानावर पडते ते तेथील २०० इंची महादुर्बिणीमुळे. परंतु त्याच पर्वतावर १९४८ साली पूर्ण झालेली ४८ इंची श्मिट दुर्बीण नसती, तर आपली दृष्टी आकाशात नेमकी कोठे रोखावी हा प्रश्न त्या थोरलीपुढे वारंवार उभा राहिला असता. थोरलीने आकाशाचा एखादा तुकडा खोलवर न्याहाळावा आणि धाकटीने समग्र आकाशाची मोजणी करून दफ्तर सिद्ध ठेवावे, अशी ही वाटणी होती.

या दुर्बिणीचे मूळ कल्पक बर्नहार्ड श्मिट. लहानपणी स्फोटक दारूच्या प्रयोगात उजवा हात गमावलेल्या या एस्टोनियन कारागिराने १९३० च्या सुमारास हँबर्गजवळच्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेत, गोलीय आरशापुढे विशिष्ट वक्रतेची पातळ काच बसवून, विस्तीर्ण क्षेत्राची कडेपर्यंत रेखीव प्रतिमा मिळवण्याची युक्ती साधली. पालोमारच्या यंत्रात आरसा ७२ इंचांचा असून ४८ इंच हे माप पुढच्या काचेचे आहे. प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता वक्र पृष्ठावर पडते. म्हणून १४ इंच चौरस आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीची छायाचित्रणाची काच चौकटीत वाकवून बसवावी लागे. तिच्यावर साडेसहा अंश लांबीरुंदीचे, म्हणजे तेरा पूर्णचंद्र ओळीने मांडता येतील एवढे, आकाश उमटे.

नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या अर्थसाहाय्याने १९४९ साली आकाशाची पाहणी सुरू झाली आणि १९५८ साली ती संपूर्ण झाली. ९३६ क्षेत्रांची प्रत्येकी दोन छायाचित्रे, एक निळ्या प्रकाशाचे व एक तांबड्या प्रकाशाचे, एकाच रात्री पाठोपाठ घ्यावयाची असा दंडक होता. निळ्या काचेला दहा-बारा मिनिटे पुरत, तांबडीला पाऊण तास ते तासभर लागे. आणि तेवढा वेळ मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून निवडलेला तारा तारांच्या फुलीवरून ढळू न देणे हे निरीक्षकाचे काम. पाहणीवर देखरेख असलेले रूडॉल्फ मिंकोव्स्की काचा बारकाईने तपासत आणि सदोष ठरलेल्या नामंजूर करीत. या दफ्तराच्या कागदी नकला पुढे जगभरच्या वेधशाळांत पोहोचल्या.

अशी नकल वाचणे ही स्वतंत्र विद्याच होय. येथे पार्श्वभूमी पांढरी आणि तारे काळे. ताऱ्याचा ठिपका कितीही मोठा झाला तरी त्याची कड स्पष्ट असते व तेजस्वी ताऱ्याला चार बाजूंनी काटे फुटतात. दीर्घिकेची कड मात्र हळूहळू विरत जाते. परंतु लेपातला दोष किंवा धुळीचा कणही दीर्घिकेचे सोंग घेतो, आणि दीर्घ प्रकाशनात सरकलेला लघुग्रह अशी बारीक रेघ ओढून जातो की आडव्या कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेचाच भास व्हावा. अशा वेळी तांबड्या काचेची निळीशी रुजुवात घ्यावयाची. दोन्हींवर जागच्या जागी आढळेल तेच आकाशातले.

ओळख पटल्यावर वर्गीकरण. एडविन हबल यांनी १९२६ साली घालून दिलेल्या पद्धतीत लंबवर्तुळाकार दीर्घिकांना चपटेपणानुसार शून्य ते सात असे अंक मिळतात, सर्पिल दीर्घिकांच्या, मग त्या साध्या असोत वा दंडयुक्त, पोटवर्ग भुजांच्या सैलपणावरून आणि मध्यभागाच्या आकारमानावरून ठरतात, उरलेल्या अनियमित. पण या नकलांवर एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, मिलिमीटरहूनही कमी अंतर व्यापते, आणि स्वीडनच्या पीटर निल्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या १२,९२१ दीर्घिकांच्या उप्साला सूचीत व्यासाची खालची हद्द साधारण एका कलेचीच होती! त्याहून दूरच्या, त्याहून लहान दीर्घिकांच्या बाबतीत भुजा पाहण्याचा हट्ट सोडून त्यांचे घोळके ओळखणे हेच शहाणपण.

ते काम पाहणीतलेच एक निरीक्षक जॉर्ज ॲबेल यांनी केले. तांबड्या काचा भिंगाखाली घालून १९५८ साली त्यांनी २,७१२ संपन्न दीर्घिकासमूहांची यादी सादर केली. तिचे खरे मोल या संख्येत नसून तिच्यामागील लेखी नियमात आहे. समूहातील तिसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेपासून तेजस्वितेच्या मापात दोन प्रती मंद होईपर्यंत, मध्याभोवतीच्या ठराविक परिघात, किमान पन्नास दीर्घिका भरल्या पाहिजेत. पहिलीऐवजी तिसरी प्रमाण मानण्याचे कारण असे, की अलीकडच्या अंतरावरची एखादी तेजस्वी दीर्घिका वाटेत आली तरी हिशेब बिघडू नये. इतकेच नव्हे, तर सर्व कसोट्यांना पुरेपूर उतरणारे समूह १,६८२ च आहेत, ही गोष्टही त्यांनी आपल्या यादीत वेगळी नोंदवून ठेवली.

दृष्टी ही व्यक्तीगणिक वेगळी असणारच. तिने दिलेला निर्णय शास्त्राच्या कामी यायचा तर तो कोणत्या नियमाने दिला हे दुसऱ्याला कळले पाहिजे. पालोमारहून न दिसणारे दक्षिण आकाश ऑस्ट्रेलियातील श्मिट दुर्बिणीने टिपले, आणि त्या काचांवरची यादी पुरी होण्यापूर्वीच, १९८३ साली, ॲबेल निवर्तले. हॅरल्ड कॉर्विन व रोनल्ड ओलोविन यांनी ती त्याच नियमाने तडीस नेली, आणि १९८९ साली एकूण ४,०७३ समूहांची सूची तिघांच्याही नावे प्रसिद्ध झाली.