हजारातल्या एकावर शिकलेला डॉक्टर

१९६१ साली वैद्यकीय संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला. १,००० प्रौढांपैकी ७५० जणांना महिनाभरात काही ना काही दुखणं होतं. त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जेमतेम एक जण पोहोचतो. गोम अशी, की डॉक्टर शिकतो त्या एकाच्या खाटेशेजारी आणि दवाखाना थाटला की त्याच्यापुढे येतात ते २५०.

आपल्याकडेही साडेचार वर्षांचं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप यांतला मोठा काळ मोठ्या रुग्णालयातच जातो. तिथे आजार पिकून आलेला असतो, फॅमिली डॉक्टरकडे तो कच्चा येतो. डेंग्यूचंच बघा. पहिल्या दिवशी तो साध्या व्हायरल तापासारखाच दिसतो. तेव्हा प्लेटलेट्स तपासल्या तर बहुधा नॉर्मल येतात आणि घरचे उगाच निर्धास्त होतात. धोका वाढतो तो बऱ्याचदा ताप उतरू लागल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणून जाणता डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून देतो, ब्रुफेन टाळायला सांगतो आणि मुलाच्या आईला बजावतो, ‘‘ताप उतरला तरी पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. नाहीतर परवा पुन्हा दाखवून जा.’’ ‘परवा’ हीदेखील त्याची एक तपासणीच असते.

हे कसब वेगळं शिकवावं लागतं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचं पायाभूत आणि त्यावर जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, किमान तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. भारतात फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयात एमडीही आहे. पण सक्ती नाही. एमबीबीएस होऊन थेट पाटी लावता येते.

एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. वह्या भरण्यापुरतं न उरलं, तर हे पाऊल मोलाचं आहे. वॉर्डातला रुग्ण डिस्चार्जनंतर विद्यार्थ्याला सहसा पुन्हा दिसत नाही. आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे मात्र तोच रुग्ण पुन्हा समोर आल्यावरच कळतं. तेव्हा शिक्षणाची काही वर्षं दवाखान्यातच गेली पाहिजेत.