आंब्यावरचं बांडगूळ आणि फुलटोच्या

ओळखा पाहू! लांबी फक्त ८ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीच्या निम्मा. पण दिवसभर 'चिक्-चिक्' करत आंब्याच्या शेंड्यावर नाचतो. कोण बरं? हा आहे फुलटोच्या!

फुलटोच्यांचे कूळ मोठे आहे. जगात त्यांच्या सुमारे ५० जाती आहेत. भारतापासून इंडोनेशिया, फिलिपाईन्स आणि ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशांत ते राहतात. बऱ्याच जातींचे नर फार रंगीत असतात. ईशान्य भारतातल्या एका जातीच्या नराची पाठ कपाळापासून लालभडक असते. ऑस्ट्रेलियातला नर वरून निळा-काळा, आणि गळा-छाती लाल. आपल्याकडचा फिक्या चोचीचा फुलटोच्या मात्र साधा. पाठ मातकट हिरवी, पोट पांढुरके. म्हणून तो चटकन दिसत नाही.

आता बांडगुळाकडे वळू. बांडगूळ जमिनीत उगवत नाही. ते आंब्यासारख्या झाडाच्या फांदीत मूळ घुसवते आणि तिच्यातले पाणी व क्षार ओढून घेते. पाने हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतःच तयार करते. पण बांडगुळे फार झाली की फांदी वाळते, आंबे कमी लागतात.

मग ते इतक्या उंच फांदीवर पोचते कसे? इथेच आपला फुलटोच्या येतो. बांडगुळाच्या पक्व कळ्या पक्ष्याने चोचीत दाबल्या की पटकन उघडतात. तो मध पितो आणि त्याच्या डोक्याला पराग चिकटतात. दुसऱ्या फुलावर गेला की ते तिथे लागतात. पुढे फळ पिकते, तेव्हा तो ते अख्खे गिळतो. आतली बी थोड्याच वेळात विष्ठेतून बाहेर येते. पण बी असते डिंकासारखी चिकट, ती काही सुटत नाही! मग पक्षी फांदीवर बूड घासतो. बी तिथेच चिकटते आणि रुजते. म्हणजे पक्ष्याला खाऊ मिळतो, बांडगुळाला गाडी मिळते!

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात फुलटोच्या आणि शिंजीर या पक्ष्यांचा वाटा काय, यावर १९३१ साली लेख लिहिला होता.

काही जण म्हणतील, "मग मारा की त्याला गलोलीने!" थांबा. पक्षी मारला म्हणून फांदीत रुजलेले बांडगूळ मरत नाही. शिवाय फुलटोच्या किडे आणि कोळीही खातो. आणि बांडगूळही अगदीच निरुपयोगी नाही बरं का. हळदीकुंकू नावाच्या सुंदर फुलपाखराच्या अळ्या त्याचीच पाने खाऊन वाढतात. रानात थोडी बांडगुळे असली तर बिघडत नाही. काळजी घ्यायची ती आपल्या बागेत.

पालकांना विनंती, बांडगुळाची फळे पिकण्याआधीच ते काढा. नुसते वरून तोडले तर पुन्हा फुटते. जिथे गाठ आली आहे, तिच्या थोडे खालून फांदी कापावी. हे काम मोठ्यांचे, मुलांनी झाडावर चढू नये.

आपण खालून बघायचे. जाळ्याचे धागे आणि झाडाचे तंतू घेऊन फुलटोच्या छोट्या बटव्यासारखे घरटे टांगतो. दार बाजूला असते. घरटे दिसले तर लांबूनच बघा, हात लावू नका. आणि आपल्या आंब्यावर बांडगुळे किती, तेही मोजून घरी सांगा!