ढग जागीच थांबला तर

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत नागपूरच्या पुराचा विषय निघाला आणि बचतीचा हिशेब बाजूलाच राहिला. आसगावात असं घर शोधावं लागेल, ज्यातलं कुणीच नागपूरला नाही. कुणाची लेक तिथं नर्सिंग शिकते, कुणाचा मुलगा कंपनीत आहे, कुणाचे दीर बांधकामावर. सगळ्यांचा प्रश्न एकच होता. नागपुरात वैनगंगेएवढी नदी नाही, मग एका रात्रीत एवढं पाणी आलं कुठून?

ती रात्र २०२३ च्या सप्टेंबरमधली. गणपती बसलेले होते. २२ तारखेच्या रात्री लोक नेहमीसारखे झोपले आणि २३ च्या पहाटे पलंगाला पाणी लागलं तेव्हा उठले. विजा कडाडत होत्या. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि त्यातला बराचसा मध्यरात्रीनंतरच्या दोनएक तासांतच कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. मोरभवन बसस्थानकात एसट्या बुडाल्या. हजारो घरांत पाणी शिरलं आणि चार माणसं गेली. त्यातली एक बाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. पाणी घरात आलं आणि तिला वेळेत उचलता आलं नाही. मला या सगळ्या बातमीत सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

आता हे घडतं कसं ते पाहू. दिवसभर जमीन तापते, हवेत ओल असते. ही गरम ओली हवा वर चढते, थंड होते आणि गडगडाटी ढग तयार होतो. त्याची उंची दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त असते. असा एक ढग साधारण तासाभरात रिकामा होतो. एरवी वरचा वारा त्याला पुढं ढकलत नेतो. त्यामुळं थोडं पाणी आसगावला, थोडं पवनीला, थोडं लाखांदूरकडं असं वाटलं जातं. उन्हाळ्यातला अवकाळी असाच सुसाट येतो, टिनाचे पत्रे उडवतो आणि निघून जातो.

पण कधीकधी वरचा वारा मंदावलेला असतो. तेव्हा ढग रेंगाळतो. त्याहून वाईट म्हणजे एक ढग रिकामा होतो न होतो तोच त्याच जागी दुसरा उभा राहतो, मग तिसरा. टँकर गल्लीतून नळ सोडून चालत गेला तर नुसती धूळ दबते. तोच टँकर एका दारासमोर उभा करून रिकामा केला आणि त्याच्यामागं आणखी दोन लागले, तर त्या घराचं काय होईल? ढगांचंही तसंच. किती पाऊस पडला याच्याइतकंच तो किती वेळात आणि किती जागेत पडला, हे महत्त्वाचं.

नागपूरला सगळे ‘ढगफुटी’ म्हणाले. हवामान खात्याच्या हिशेबानं एका तासात शंभर मिलिमीटर पडला तरच ढगफुटी. त्या मापात ती रात्र बसत नाही. मला यातून एवढंच समजतं, की शहर बुडायला ढगफुटीचीही गरज नाही.

शंभर मिलिमीटर म्हणजे किती? चार इंच, जेमतेम अर्धी वीत. आपल्या बांधीत एवढं पाणी साचलं तर आपण खूश होतो, रोवणीची सोय झाली म्हणतो. पण हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब-रुंद जागेवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर म्हणजे एकरभर जागेवर चार लाख लिटर, पाच हजार लिटरचे ऐंशी टँकर! आपल्याकडं ते धुरे अडवतात, माती पिते, बोडीत आणि मामा तलावात थांबतं. शहरात बांधीच्या जागी सिमेंटचा रस्ता, फरशी आणि स्लॅब असतो. पाणी थांबत नाही, सगळं एकाच वेळी नालीकडं पळतं. नाली कचऱ्यानं तुंबलेली, नाल्याला दोन्ही बाजूंनी भिंती आणि घरं चिकटलेली. त्यात सप्टेंबर म्हणजे तलाव आधीच काठोकाठ. अंबाझरीत नवीन पाण्याला जागा कुठं होती?

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं असंच केलं होतं, तिथं तर वीसहून जास्त माणसं गेली. एरवी लोक ज्याला गटार समजून नाक दाबून पुढं जातात, तो ओढा.

आपला पूर वेगळा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा आली होती, ते कुणी विसरलेलं नाही. नुकसान भयंकर झालं. पण मोठ्या नदीचा पूर वरून चालत येतो. धरणाची दारं किती उघडली हे कळतं, पाणी पायरी-पायरीनं चढताना दिसतं, गुरं सोडायला थोडी तरी सवड मिळते. थांबलेल्या ढगाचा पूर तशी सवड देत नाही. पाऊस जोरात सुरू झाल्यापासून दारात पाणी यायला तास-दीड तास, कधी तेवढाही नाही. आणि आपल्याला वाटतं नदी लांब आहे, मग पूर कसा येईल! (नाग नदीचं ते पाणी पुढं कन्हानमधून वैनगंगेत, म्हणजे आपल्याच गोसीखुर्दच्या जलाशयात येतं, ही गोष्ट निराळी.)

हवामान खातं आदल्या दिवशी जिल्ह्याला पिवळा किंवा नारिंगी इशारा देतं, पण ढग नेमका कोणत्या मोहल्ल्यावर थांबेल हे त्यात नसतं. जवळचं कळतं ते रडारवरून. त्यावरून नागपूरचं केंद्र पुढच्या तीन तासांचा इशारा काढतं. तो रात्री आला आणि फोन मुका करून ठेवलेला असेल तर काय उपयोग? वीज जवळ पडतेय का हे ‘दामिनी’ ॲपवर दिसतं. ते शेतात जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये असावं, पुराचा विषय नसला तरी.

म्हणून लेकरांना आधीच काही गोष्टी सांगून ठेवा. नागपूरला खोली पाहायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी शेजारणीला विचारा, २०२३ ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं? घरमालक सांगणार नाही, शेजारीण सांगते. मागच्या भिंतीपलीकडं नाला आहे का, रस्त्यापेक्षा खोली खाली आहे का ते पाहा. तळघरातली खोली स्वस्त असते, पण बाहेर पाणी साचलं की त्याच्या दाबानं बाहेर उघडणारं दार उघडत नाही. म्हणून पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच वरच्या मजल्यावर जायचं. कुणाच्याही दारात जायचं, लाजायचं नाही. मेन स्विच कोरड्या जागी उभं राहूनच बंद करायचा. पाण्यातून चालत मीटरपर्यंत जायचं नाही. आणि गाडी घेऊन वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. घोट्याच्या वर वेगानं वाहणारं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात चारचाकी तरंगायला लागते. खाली गटाराचं झाकण उघडं असलं तर दिसतसुद्धा नाही. मुंबईत ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामांकित डॉक्टर असेच पायी घरी जाताना गेले.

गावातही नाल्यावरचे रपटे आहेत. वरच्या शिवारात ढग थांबला, तर इथं ऊन असतानाही रपट्यावर पाणी चढतं. शाळेची मुलं आणि दूध घेऊन जाणारे तिथंच घाई करतात.

पाणी शिरलंच तर घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या खुणेसकट फोटो काढा, नाहीतर तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत काहीच दिसत नाही. गटाचं रजिस्टर, पासबुकं आणि शिक्के पेटीत खाली न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर ठेवा.

येत्या बैठकीत मी एक वही आणणार आहे. आपल्या घरात, शेजारात आणि नागपूरच्या खोल्यांमध्ये ज्यांना स्वतःहून उठता येत नाही, त्यांची नावं त्यात लिहायची. बाळंतीण, म्हातारी सासू, लकवा झालेले, दिसत नसलेले. प्रत्येक नावापुढं दोन जणांची नावं: रात्री दोन वाजता यांना कोण उचलणार आणि कुणाच्या घरी नेणार. एक नाव पुरत नाही, कारण तो माणूस त्या रात्री लग्नाला गेलेला असतो. वहीच्या पहिल्या पानावर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे मोठ्या अक्षरात लिहू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तोंडपाठ करून या, मी विचारणार आहे.