गजर कधी वाजावा?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रात्री अडीच वाजता फोन वाजला की काळजात धस्स होते. पूर्वी त्या वेळच्या फोनचा अर्थ बहुधा एकच असे: भारतातून काहीतरी वाईट बातमी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या फोनला दुसराही अर्थ आला आहे. घरातले कोणीतरी 'ऑन-कॉल' असते आणि दूर कुठेतरी एखाद्या संगणकाने 'मला बरे नाही' असा निरोप धाडलेला असतो. मग लॅपटॉप उघडायचा, दहा मिनिटे डोळे चोळत बघायचे, आणि 'काही नव्हते' असे पुटपुटत परत झोपायचे. तोवर घरातल्या बाकीच्यांची झोप मोडलेली असते.

हे 'काही नव्हते' का घडते, आणि खरोखरच काही असते तेव्हा कधीकधी फोन का वाजत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. माझा व्यवसाय याच क्षेत्रातला आहे. पण जे संगणकाच्या धंद्यात नाहीत त्यांनीही पान उलटू नये, ही विनंती. आपल्या मंडळाचा कारभारही आता याच यंत्रांवर चालतो.

कुकरच्या तीन शिट्ट्या

'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, भाड्याने घेतलेले संगणक. ते आपल्या डोळ्यांसमोर नसतात, म्हणून त्यांची नाडी दुरून बघावी लागते. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये हे काम 'क्लाउडवॉच' नावाची सेवा २००९ पासून करते. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्याकडेही अशा सेवा आहेत. तत्त्व सगळीकडे एकच असल्याने मी क्लाउडवॉचचेच उदाहरण घेतो.

एका अलार्ममध्ये पाच गोष्टी ठरवाव्या लागतात. काय मोजायचे, किती वेळाच्या अंतराने मोजायचे, कोणती मर्यादा ओलांडली तर वाईट समजायचे, कितीदा ओलांडली तर ओरडायचे, आणि ओरडून कोणाला सांगायचे. यांतली चौथी गोष्ट बहुतेक लोक घाईघाईत उरकतात, आणि 'काही नव्हते' वाल्या फोनांचे मूळ बहुधा तिथेच असते.

आपण कुकर लावतो तेव्हा पहिल्या शिट्टीला गॅस बंद करत नाही. तीन शिट्ट्या मोजतो, कारण एक शिट्टी म्हणजे वाफेचा एक झोत, डाळ शिजल्याची खूण नव्हे. संगणकाचेही तसेच. एखाद्या मिनिटात त्याच्यावर ९० टक्के भार आला आणि पुढच्या मिनिटाला उतरला, तर कोणाला उठवायचे कारण नाही. म्हणून क्लाउडवॉचमध्ये 'शेवटच्या पाच मोजण्यांपैकी तीन वाईट असतील तरच' असे सांगण्याची सोय आहे. एवढा एक आकडा विचारपूर्वक भरला तरी रात्रीचे कितीतरी फोन वाचतात.

सरासरीच्या भरवशावरही राहू नये. शंभर जणांनी मंडळाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला. पंचाण्णव जणांना पान पाव सेकंदाच्या आत, समजा ०.२ सेकंदात मिळाले, आणि पाच जणांना दहा-दहा सेकंद ताटकळावे लागले. सरासरी येते ०.६९ सेकंद. कागदावर हे उत्तमच दिसते! पण ते पाच जण वैतागून निघून गेलेले असतात. म्हणून सरासरीऐवजी 'शंभरातल्या नव्व्याण्णवाव्याला किती वेळ लागला' हे मोजण्याची पद्धत आहे. या उदाहरणात ते उत्तर दहा सेकंद येते, आणि खरी तक्रार समोर येते.

शांतता म्हणजे सुख नव्हे

अलार्मच्या अवस्था दोन असाव्यात असे आपल्याला वाटते: 'ठीक' आणि 'धोका'. क्लाउडवॉचमध्ये तिसरीही आहे, 'पुरेशी माहिती नाही'. आकडे आलेच नाहीत तर काय समजायचे, हा प्रश्न ती विचारते.

१४ ऑगस्ट २००३ ची दुपार अमेरिकेच्या ईशान्येला आणि ओंटारिओत राहणाऱ्या वाचकांना आठवत असेल. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास वीज गेली आणि जवळजवळ पाच कोटी लोक अंधारात बसले. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांतले एक आपल्या विषयाचे आहे. ओहायोतील फर्स्टएनर्जी या कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारी संगणक-प्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास बंद पडली होती. ती बंद पडल्याची सूचना देणारे दुसरे काहीच नव्हते. पुढे तारा झाडांना टेकून एकेक वाहिनी निकामी होत गेली, शेजारच्या कंपन्यांकडून फोनही येत होते. पण पडदा शांत होता, म्हणून सारे ठीक आहे असा समज सुमारे दीड तास टिकला.

म्हणून प्रत्येक अलार्म लावताना विचारावे: आकडा आलाच नाही तर ती चांगली बातमी की वाईट? याचे उत्तर दर वेळी वेगळे असते. वसतिगृहात राहणारी मुलगी दर रविवारी फोन करत असेल आणि एका रविवारी तो आला नाही, तर आईला चैन पडत नाही. पण शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला नाही, तर तीच आई निश्चिंत असते. रोज रात्री होणाऱ्या बॅकअपने 'झाले' असा आकडा पाठवायचा असेल, तर तो न येणे हाच धोका समजायला सांगावे. उलट ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरकडून चुकांचा आकडा फक्त चूक झाली तरच येतो. तिथे आकडा नसणे ठीक समजायला सांगावे. दोन्ही ठिकाणी एकच उत्तर भरले, तर एक अलार्म उगीच ओरडेल किंवा दुसरा कधीच ओरडणार नाही.

शंभर अलार्म एकदम

याची दुसरी बाजू पेनसिल्व्हेनियात २८ मार्च १९७९ च्या पहाटे दिसली. हॅरिसबर्गजवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड झाला, आणि पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजू लागले. महत्त्वाचा कोणता आणि फालतू कोणता, हे निवडायला तिथल्या माणसांना उसंतच मिळाली नाही. शिवाय एक दिवा त्यांची दिशाभूल करत होता. एक झडप बंद झाली असे तो दाखवत होता. प्रत्यक्षात तो झडपेला 'बंद हो' असा हुकूम गेल्याचे दाखवत होता. झडप उघडीच अडकली होती आणि पाणी वाहून जात होते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, उठून हातपाय हलवण्याजोगे काही नसेल तर माणसाला उठवू नये. ती नोंद सकाळी बघण्यासाठी ठेवावी. दुसरा असा की, हुकूम मोजू नये, परिणाम मोजावा. 'ईमेल पाठवण्याचा प्रोग्राम चालू आहे' हे मोजण्यापेक्षा 'किती ईमेल खरोखर पोचल्या' हे मोजावे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार मुख्य मापे सांगितली आहेत: उत्तराला लागणारा वेळ, येणारी वर्दळ, होणाऱ्या चुका, आणि यंत्र किती भरत आले आहे. सुरुवात करणाऱ्याने या चारांपासून करावी. शेवटचे मोजताना एक ध्यानात ठेवावे: ॲमेझॉनचा भाड्याचा संगणक आपणहून मेमरीचा आणि डिस्कवरच्या जागेचा आकडा क्लाउडवॉचला कळवत नाही. त्यासाठी त्यावर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो.

तोंडी निरोप की लेखी नियम?

आता हे सारे ठरवायचे कुठे? सोपा मार्ग म्हणजे ब्राउझर उघडून बटणे दाबणे. एक अलार्म असेल तर हे ठीक. पण बटणे दाबताना मनात कोणता विचार होता याची नोंद कुठेच राहत नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या मराठी शाळेची नोंदणी सुरू झाली त्या संध्याकाळी नोंदणीचे पान बंद पडले. अलार्म होता, आणि तो वाजलाही. पण त्याचा निरोप गेला तो तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या जुन्या स्वयंसेवकाच्या ईमेलवर. पालक रात्री अकरापर्यंत पान उघडण्याची खटपट करत बसले. बघायला मला बोलावले तेव्हा कळले की असे किती अलार्म आहेत, कोणी लावले आणि का, हे कार्यकारिणीतल्या कोणालाच माहीत नव्हते.

यावर उपाय म्हणजे हे नियम फाइलीत लिहून काढणे. ॲमेझॉनने यासाठी 'क्लाउडफॉर्मेशन' २०११ मध्ये आणले. 'टेराफॉर्म' हे हाशीकॉर्प कंपनीचे साधन २०१४ साली आले आणि ते अनेक कंपन्यांच्या क्लाउडवर चालते. त्याचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलल्यावर त्यातूनच 'ओपनटोफू' हा खुला फाटा निघाला. आपल्या कामापुरते दोन्ही सारखेच समजावे.

फाइलीत लिहिलेला अलार्म मराठीत सांगायचा तर असा दिसतो. नाव: नोंदणी-चुका. मोजायचे ते: सर्व्हरच्या चुका. अंतर: ६० सेकंद. मर्यादा: ५. पाचांपैकी ३ मोजण्या वाईट हव्यात. आकडा न आल्यास: ठीक समजा. निरोप: कार्यकारिणीची यादी. वर्णन: 'आधी डेटाबेस चालू आहे का ते पाहा, नसेल तर अमुक करा.' या वर्णनाच्या ओळीत अजिबात कंजुषी करू नये. ती ओळ झोपेतून उठलेला माणूस वाचणार असतो.

फाइल लिहून झाली की टेराफॉर्मला 'प्लॅन' विचारायचा. आत्ता काय आहे, फाइलीत काय आहे, आणि फरक भरून काढायला मी काय काय करीन, हे तो आधी सांगतो. पटले तर 'अप्लाय' म्हणायचे. दहा सर्व्हर असतील तर अलार्म दहादा लिहावा लागत नाही. सर्व्हरांची यादी द्यावी आणि नियम एकदाच लिहावा. फाइल गिटमध्ये ठेवली की कोणी, कधी, काय बदलले याची वही आपोआप तयार होते, आणि बदल लागू होण्याआधी दुसरा माणूस तो वाचू शकतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फायदा वेगळाच आहे. रात्री वैतागलेला माणूस ब्राउझरमध्ये जाऊन मर्यादा ८० वरून ९९ करतो, किंवा निरोपच बंद करून झोपतो. सकाळी विसरतो. पुढच्या 'प्लॅन'मध्ये मात्र हा फरक ठळक दिसतो. अर्थात टेराफॉर्मला आपल्या हिशेबात असलेल्याच गोष्टी दिसतात. पूर्वी हाताने लावलेले अलार्म त्याला दिसत नाहीत. ते आधी 'इम्पोर्ट' करून वहीत घ्यावे लागतात.

चार खाचखळगे

पहिला: ईमेलने निरोप मागितला की ॲमेझॉन त्या पत्त्यावर संमतीचे पत्र पाठवते. त्यातली कडी दाबेपर्यंत एकही निरोप येत नाही, आणि टेराफॉर्म मात्र 'काम झाले' म्हणून मोकळा होतो.

दुसरा: बिलाचा आकडा ॲमेझॉन फक्त नॉर्थ व्हर्जिनियाच्या विभागात ठेवते. तुमचे संगणक ओहायोत किंवा मुंबईत असले, तरी खर्चाचा अलार्म व्हर्जिनियातच लिहावा लागतो. स्वयंसेवकांच्या संस्थेने सर्वांत आधी हाच लावावा.

तिसरा: अलार्म अवस्था बदलताना एकदाच निरोप देतो. रात्री दोनचा ईमेल निसटला, तर तो पुनःपुन्हा आठवण करत बसत नाही. म्हणून निरोप एकाहून अधिक माणसांना जावा, आणि सारे पुन्हा ठीक झाल्याचाही निरोप मागून घ्यावा.

चौथा: अलार्मची रंगीत तालीम करावी. त्याला क्षणभर 'धोका' अवस्थेत ढकलण्याची आज्ञा क्लाउडवॉचमध्येच आहे. पुढच्या मोजणीला तो आपोआप जागेवर येतो, पण तोवर निरोप कोणाकोणाला पोचला हे आपल्याला कळलेले असते.

त्या मंडळात आम्ही अखेर चारच अलार्म ठेवले: नोंदणीच्या चुका, न पोचलेल्या ईमेल, रात्रीचा बॅकअप आणि महिन्याचे बिल. बाकीचे काढून टाकले. साध्या अलार्मचा खर्च महिन्याला दहा सेंटच्या घरात असतो, तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हताच. चार अलार्म वाजले तर चौघे धावतात, चाळीस वाजले तर कोणीच धावत नाही, हे कारण होते.

कार्यकारिणी बदलते तेव्हा आपण नव्या मंडळींना हिशेबाची वही, बँकेचे कागद आणि कपाटाच्या किल्ल्या सोपवतो. यापुढे त्यांत या फाइलीची भर घालावी, आणि निरोपांच्या यादीतले पत्ते त्याच बैठकीत सर्वांसमोर वाचून दुरुस्त करावेत.