लोखंड कुठं पिकतं? महाबळेश्वरची भट्टी, चांद्याची खाण आणि चीन

गाडीत असाल आणि घाटात नेटवर्क जात असेल, तर आजचा सगळा भाग इथं लिहून दिलाय, निवांत वाचा.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा प्रश्न आला: "दादा, जगात सगळ्यात जास्त लोखंड कुठं तयार होतं?" उत्तर एका शब्दाचं आहे. चीन. एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण आकडे बघायला बसलो आणि दोन याद्या शेजारी ठेवल्यावर डोकं चालेना. त्या दोन याद्या आधी तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली यादी भट्ट्यांची. जगात वर्षाला साधारण 130 कोटी टन कच्चं लोखंड निघतं. कच्चं लोखंड म्हणजे पिग आयर्न, ज्यातला कार्बन कमी केला की पोलाद होतं. 2023 साली यातलं जवळपास 87 कोटी टन एकट्या चीनचं. दुसरा नंबर आपला, पण 8 ते 9 कोटी टनांवर. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात दहापटीचा फरक. तिसरा जपान, सहा कोटींच्या थोडा वर. पोलादातही क्रम हाच. 2024 मध्ये जगाचं 188 कोटी टन, त्यात चीन 100 कोटी, भारत 15 कोटींना टेकलेला आणि जपान 8 कोटींच्या पुढं. जपानला आपण 2018 मध्ये मागं टाकलं.

दुसरी यादी खाणींची. इथं पहिला ऑस्ट्रेलिया, वर्षाला 90 कोटी टनांच्या वर लोहखनिज. मग ब्राझील, 40 कोटींच्या वर. आता गंमत बघा. ऑस्ट्रेलिया स्वतः पोलाद किती करतो? पन्नास लाख टनांच्या आसपास. आणि भट्ट्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरवर असलेल्या जपानकडं नाव घ्यावं अशी लोखंडाची एकही खाण नाही.

ज्याच्या शेतात ऊस त्याच्या घरी गूळ, असं आपल्याला वाटतं. इथं ऊस एकाचा आणि गूळ भलत्याचाच.

हे असं का, ते कळायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातच बघू.

महाबळेश्वरला गेलात की रस्त्याच्या कडेला लाल जांभा दगड दिसतो. तो लाल आहे तो लोखंडामुळं, साध्या भाषेत गंजामुळं. महाबळेश्वरच्या डोंगरात पूर्वी धावड लोक याच मातीतून लोखंड काढायचे. त्यांचा धंदाच तो. मातीची छोटी भट्टी, त्यात खनिजाचे तुकडे आणि लाकडाचा कोळसा यांचे थर, आणि खालून भात्यानं हवा. आपल्या लोहाराकडं असतो तसलाच भाता.

आत काय होतं? खनिजात लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. कोळशातला कार्बन तापला की तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि वायू होऊन निघून जातो. मागं राहतं लोखंड. छोट्या भट्टीत ते पुरतं वितळत नाही, स्पंजासारखा भोकं-भोकं असलेला गोळा तयार होतो. तो लाल असतानाच घणानं ठोकून आतली मळी बाहेर काढायची. म्हणजे कोळशाची कामं दोन. एक उष्णता देणं आणि दुसरं ऑक्सिजन काढून नेणं. हे दुसरं काम लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट त्यावर आहे.

धावडांचा धंदा बुडाला तो खनिज संपलं म्हणून नाही. जांभा आजही तिथंच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं जंगलं राखीव केली, लाकूडतोडीवर बंधनं आली, कोळसा मिळेना झाला. त्याच वेळी विलायतेहून दगडी कोळशावर बनलेलं स्वस्त लोखंड मुंबई बंदरात उतरायला लागलं. दोन्हीकडून मार बसला. 1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्ये धावडांची नोंद आहे, पण ती धंदा सुटत चाललेल्या लोकांची. पुढं त्यांनी मजुरी धरली, मिळेल ते काम केलं.

म्हणजे खनिज होतं, कारागीर होते, जळण गेलं आणि लोखंड गेलं.

आता इथून थेट विदर्भात उडी मारू, कारण हीच गोष्ट तिथं फार मोठ्या मापात घडली. 1882 साली जमशेदजी टाटांच्या हातात एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा. त्यात लिहिलं होतं की चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, लोहारा इथं उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण. वरोरा म्हणजे जिथं पुढं बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, तेच. खनिज आणि कोळसा शेजारी-शेजारी! टाटांचा कारखाना महाराष्ट्रात व्हायचा योग अगदी दाराशी आला होता.

पण वरोऱ्याचा कोळसा तपासला तर तो लोखंडाच्या भट्टीला चालेना. मोठ्या भट्टीत, ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे पुस्तकातल्या झोतभट्टीत, साधा दगडी कोळसा घालून भागत नाही. तो आधी बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करावा लागतो. कोक म्हणजे टणक, सच्छिद्र ढेकळं. वर शेकडो टन खनिजाचं ओझं आलं तरी ती चुरत नाहीत आणि मधून गरम हवा जायला वाट राहते. सगळ्या कोळशाचा असा कोक होत नाही. काही कोळसा भाजला की नुसती भुकटी होते. वरोऱ्याची अडचण इथं होती. शिवाय खाणकामाच्या परवान्याचे सरकारी नियम त्या काळी इतके जाचक होते की टाटांनी तेव्हा तो नादच सोडला.

नियम सैल झाल्यावर वीस वर्षांनी टाटांची माणसं पुन्हा चांद्यात आली. पुन्हा तेच उत्तर. शेवटी कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारण तिथून मयूरभंजचं खनिज जवळ आणि झरियाचा कोक होणारा कोळसाही जवळ. 1911 च्या डिसेंबरात तिथं पहिलं लोखंड निघालं. तो कोळसा चांद्याला असता तर आज आपल्याकडची पोरं नोकरीसाठी पुण्याऐवजी चंद्रपूरची गाडी धरत असती, असं मला उगाच वाटतं. जाऊ द्या.

आता त्या दोन याद्यांकडं परत या. चीन पहिला का? खनिज तर तो बाहेरून आणतो, वर्षाला 100 कोटी टनांच्या वर, मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलकडून. त्याचं स्वतःचं खनिज हलक्या प्रतीचं आहे. पण कोक होणारा कोळसा जगात सगळ्यात जास्त काढतो तो चीनच. आणि गेल्या तीस वर्षांत त्यानं जेवढी घरं, पूल आणि रेल्वे बांधली, तेवढं गिऱ्हाईक घरातच होतं.

आपलं बरोबर उलटं. खनिज भरपूर, पण कोकचा कोळसा बहुतांश आयात, त्यातही मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. एक टन पोलादाला ढोबळमानानं 1.4 टन खनिज आणि 800 किलो कोळसा लागतो. त्यामुळं ऑस्ट्रेलियात पूर आला आणि कोळशाच्या खाणी बंद पडल्या की इकडं घर बांधणाऱ्याच्या सळईचा भाव हलतो. अमेरिका तिसऱ्याच वाटेनं जाते. ती भंगार वितळवून विजेच्या भट्टीत पोलाद करते, म्हणून 2024 च्या पोलादाच्या यादीत ती चौथी असली तरी कच्च्या लोखंडात बरीच खाली दिसते.

आणि जपान? ना खनिज, ना कोळसा. त्यानं कारखाने थेट बंदरावर बांधले, कारण मोठ्या जहाजातून हजारो किलोमीटर आणलेला माल रेल्वेनं काहीशे किलोमीटर आणलेल्या मालापेक्षा स्वस्त पडू शकतो.

जपानची ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. रहिमतपूरहून मिरजेकडच्या गाडीत बसा, कराड गेलं, ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर तो कारखाना काढला. तिथं खाण नव्हती, कोळसा नव्हता, होता निवडुंग आणि साप. पण कुंडल रोड स्टेशन शेजारी होतं. कच्चं लोखंड आणि कोक रेल्वेनं आणायचा, वितळवायचा आणि बिडाचे नांगर ओतायचे. बेळगावात केलेले त्यांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली होती, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपल्याकडं लोखंड "तयार होतं" म्हणतात ते याच अर्थानं. साताऱ्याचं कूपर असो की कोल्हापूरच्या फाउंड्र्या, दुसरीकडं निघालेलं लोखंड आणि भंगार इथं वितळतं आणि आकार घेतं. पगार त्यावर निघतात. पिग आयर्न आणि कोकचा भाव चढला की पहिला फटका याच फाउंड्र्यांना.

मग महाराष्ट्रात मुळातून लोखंड निघतच नाही का? निघतं, आणि त्यातलं काही पुन्हा चांद्याच्याच बाजूला. घुग्घुसला स्पंज आयर्न बनतं. यात खनिज वितळवत नाहीत, लांब फिरत्या नळीसारख्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून फक्त ऑक्सिजन काढतात. त्याला कोक लागत नाही, साधा कोळसा चालतो. म्हणजे तत्त्व धावडांचंच! स्पंज आयर्नमध्ये जगात पहिला नंबर भारताचा आहे, दुसरा इराणचा. इराण ते नैसर्गिक वायूवर करतो.

त्यासाठीचं खनिज येतं गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून. तिथला डोंगर माडिया गोंड लोकांच्या ठाकूरदेवाचा. खाणीला तिथल्या अनेक ग्रामसभांनी विरोध केला. 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची सत्तरच्या वर वाहनं जाळली, काम थांबलं, 2021 मध्ये पुन्हा जोरात सुरू झालं. आज काही पोरांना तिथं नोकऱ्या लागल्यात, हे खरं. खनिजाच्या ट्रकांनी रस्ते उखडलेत आणि अपघातात माणसं गेलीत, हेही खरं. मला एक गोष्ट मात्र खटकते. दीडशे वर्षांपूर्वी जंगल वाचवायचं म्हणून धावडांना कोळशाला लाकूड मिळेना झालं. आता खाणीसाठी जंगल तोडायची परवानगी मिळते आणि त्या जंगलात राहणाऱ्याला ग्रामसभेचं म्हणणं ऐकून घ्या म्हणून कोर्टकचेऱ्या कराव्या लागतात.

जाता जाता. तुम्ही हा भाग इअरफोनवर ऐकला असेल, तर त्यातल्या इवल्याशा चुंबकात वजनानं निम्म्याहून जास्त लोखंडच आहे. ते कुठल्या खाणीतलं, हे त्या डबीवर लिहिलेलं नसतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्यात किर्लोस्कर किंवा कूपरचा जुना बिडाचा नांगर पडला असेल, तर फोटो पाठवा. त्यावर ओतलेली अक्षरं दिसतील असा काढा. आणि महाबळेश्वर, जावळीकडच्या कुणाला जंगलात जळक्या काचेसारखे काळे, जड, भोकं असलेले दगड दिसले असतील तर तेही कळवा. ती कदाचित एखाद्या धावडाच्या भट्टीची मळी असेल.