ट्रॉलीमागचा अंधार

काष्टीत नगर-दौंड रस्त्याला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. शनिवारी बैलबाजार, जनावरं, पायी माणसं, सायकली, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, सगळं एकाच डांबरावर. पण त्या गर्दीत कुणाला पळवताच येत नाही, म्हणून निभावतं.

खरी भीती गाळप हंगामातल्या रात्रीची. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वाढ्यासकट ऊस बाहेर लोंबलेला, मागं दिवा नाही. समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतच एक-दीड सेकंद गेलेला असतो. लाल रेडियमची पट्टी प्रकाश परतवते, म्हणून लांबूनच चमकते. चिखलानं माखली की मात्र असून नसल्यासारखी. रोज ओलं फडकं फिरवायला हवं, पण फिरवतो कोण!

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी. आमच्याकडं हेल्मेट आरशाला लटकतं. डोक्यावर असलं तरी पट्टा मोकळा; मग धडकेत पहिलं तेच उडतं. गाडी परत देताना मी गिऱ्हाईकाला मागं उभं करतो, ब्रेक दाबून लाल दिवा दाखवतो. बल्ब गेला असेल तर बदलूनच गाडी सोडतो.