सेवेचे तास आणि सेवेचे सातत्य

तरुणांच्या अंगी विद्यार्थिदशेतच समाजसेवेची वृत्ती बाणावी, हा विचार आपल्या देशात जुना आहे. १९५९ मध्ये नेमलेल्या डॉ. चिंतामणराव देशमुख समितीने शालेय शिक्षणानंतर नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी, अशी शिफारस केली होती. सक्तीचा तो मार्ग स्वीकारण्यात आला नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. ती ऐच्छिक स्वरूपाची होती.

योजनेनुसार स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे दरवर्षी १२० तास, सेवाकार्य करावयाचे असते. मार्गदर्शिकेत त्यांपैकी २० तास प्रशिक्षणासाठी, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातील कामासाठी व ७० तास प्रत्यक्ष समाजात करावयाच्या कामासाठी सुचविलेले आहेत. याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर होते.

या ७० तासांचा विनियोग कसा होतो, हाच कळीचा प्रश्न आहे. भिवंडीचे उदाहरण घेतल्यास त्याचे महत्त्व ध्यानी येईल. हे यंत्रमागांचे शहर. येथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू भाषक कामगारांची वस्ती आहे. अनेक माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा लहानशा खोलीत झोपलेला असतो. मुलांनी अभ्यास करावा कोठे? अशा वस्तीत एखाद्या सेवाभावी संस्थेच्या अभ्यासवर्गाला स्वयंसेवकांची मोठी मदत होऊ शकते. मात्र स्वयंसेवक चार दिवस येऊन परीक्षेच्या काळात दिसेनासे झाले, तर मुलांचा विश्वास उडतो आणि वर्गही मोडतो.

म्हणून संस्थेशी आधी लेखी ठराव असणे इष्ट होय. काम कोणते, वेळ कोणती, देखरेख कोणाची आणि स्वयंसेवक गेल्यावर जबाबदारी कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असावे. आठवड्याला दोन तास दिल्यास ७० तासांना ३५ आठवडे लागतात. सुट्ट्या व परीक्षा वगळता तेवढे आठवडे हाती उरत नाहीत. तीन तास दिल्यास सुमारे २४ आठवड्यांत काम पुरे होते. वस्तीची भाषा जाणणारा स्वयंसेवक तेथे पाठविणे, हेही तितकेच अगत्याचे.

नियमित संपर्काचे मोल भिवंडीने अनुभवले आहे. १९७० व १९८४ मध्ये येथे भीषण दंगली झाल्या. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. विविध समाजांचे नागरिक व पोलीस त्यांत वरचेवर एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. ओळख आधी जोडलेली होती, ती संकटात कामी आली.

तालुक्यातील ग्रामपंचायतींनीही शिबिरापूर्वी ग्रामसभेत गावाची गरज ठरवावी आणि शिबिरानंतर त्या कामाची निगा कोण राखणार, हेही तेथेच नक्की करावे. शिक्षकांनी नोंदवहीतील तासांबरोबर काम टिकले की नाही, हे पाहावे. तास भरणे सोपे आहे. ज्याच्यासाठी ते भरले, त्याच्या पदरी काही पडले तरच ती सेवा ठरते.